असू द्या, काढू नका

"असू द्या, असू द्या, काढू नका बूट," सुदर्शनराव दारात उभे राहून म्हणाले, आणि आमच्या ह्यांनी खरंच काढले नाहीत.

आता हे वाक्य आपल्याकडे कुणी खरं मानतं का? यजमानानं ते म्हणायचं असतं आणि पाहुण्यानं 'छे छे' करत खाली वाकायचं असतं. सुदर्शनरावांनी रीतीप्रमाणे म्हटलं. मी चपला सोडून वर बघते तर हे उंबरा ओलांडून आत! पडेगावचं नवं घर, पांढरीशुभ्र फरशी, त्यावर ह्यांचे बूट टक टक वाजत निघाले. मागून मी अनवाणी.

दारापासून सोफ्यापर्यंत अकरा पावलं होती. मोजली मी. त्याच खोलीच्या कोपऱ्यात देवघर आणि देवघराला लागून बाजेवर मुलाची आजी, मनकर्णाबाई. गळ्यात माळ, डोक्यावर पदर. त्यांनी ह्यांच्या तोंडाकडं पाहिलंच नाही, बुटांकडं पाहिलं आणि मान देवाकडं वळवली. त्यात बूट असे चकाकत होते, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस ते दाखवायलाच आत आला आहे. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मुलाची आई चहा घेऊन आली तेव्हा ती बुटांना वळसा घालून गेली.

आम्ही मुलाचं घर बघायला गेलो होतो. आमच्या मोनिकाचं ह्या घरातल्या सत्यमशी जमत आलं होतं. आणि अकरा पावलांत ते मोडतंय की काय, अशी पाळी आली होती.

आता बुटाचं सांगायला हवं. आमचे हे, रामकिसन, पिशोरचे. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला, अडीच इंच आखूड. गुलमंडीच्या बोळात कचरूभाऊ बसतात, ते ह्यांचा बूट शिवतात. घोट्याच्या वर येणारा, तपकिरी, चांगल्या जाड कातड्याचा. कचरूभाऊंची अक्कल अशी, की डाव्या बुटाची निम्मी उंची त्यांनी टाचेखाली बुचाचे थर रचून आत घातली आणि निम्मी तळव्यात बाहेर. वरून पँट आली की कुणाला काही दिसत नाही. बूट घातला की हे सरळ चालतात. काढला की नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

पण त्या साध्या गोष्टीभोवती ह्यांनी अख्खा जन्म रचला. तहसीलमध्ये सव्वीस वर्षं आवक-जावक बघतात. तिथं कुणी बूट काढत नाही, म्हणून निम्म्या ऑफिसला ठाऊक नाही. अपंगाचा दाखला काढला नाही, एस.टी.ची सवलत घेतली नाही. देवळात गेले तर पायरीवरूनच हात जोडतात. लोक म्हणतात, रामकिसनराव देव मानत नाहीत. अहो, हे घरी रोज सकाळी अर्धा तास पूजा करतात. रस्त्यानं चालताना मी ह्यांच्या डाव्या बाजूला असते, लग्न झाल्यापासून. कुणी ठरवलं नव्हतं, तशी सवय पडली.

आणि त्या बुटांचे लाड! दर रविवारी ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचं. आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं, मग जुन्या बनियनच्या चिंधीनं बोटाएवढं पॉलिश गोल गोल जिरवायचं, मग घोड्याच्या केसांचा ब्रश. आत घालायला लाकडी पाय आहेत, त्याला कलबूत म्हणतात. पावसात भिजले तर कागद भरून सावलीत, चुलीजवळ नाही, उन्हात तर नाहीच. उन्हात कातडं तडकतं, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या चौथीच्या वर्गाला पाढ्यासारखं म्हणायला लावू शकेन. मी चिडवायची, माझ्या टाचांना भेगा पडल्या त्याचं काही नाही. हे हसायचे आणि म्हणायचे, बाई, तुमच्या टाचा मला चालवत नाहीत. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, म्हणून घरातसुद्धा मी बाईच.

दोन वर्षांमागं मोनिकाला कन्नड गावचं एक स्थळ आलं होतं. ती माणसं घरी आली, हे अनवाणी उठून पाणी द्यायला गेले, लंगडत. पुन्हा त्यांचा निरोप आला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, पण ह्यांनी ते स्वतःच ठरवून टाकलं. म्हणून सत्यमचे लोक आमच्याकडं आले तेव्हा हे आधीच खुर्चीत जाऊन बसले आणि ते जाईपर्यंत उठले नाहीत. मी म्हटलं होतं, सांगून टाकू या. सांगतो, योग्य वेळी सांगतो, म्हणाले. माझा भाऊ सांडू, ज्यानं हे स्थळ आणलं, तो समजत होता आम्ही सांगितलंय. आम्ही समजत होतो त्यानं सांगितलं असेल तर बरंच. सगळे एकमेकांवर टाकून मोकळे.

पडेगावहून येताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर मात्र मी काही शिल्लक ठेवलं नाही. देवापुढं बूट? म्हाताऱ्या माणसापुढं? हे नाड्या सोडत म्हणाले, "त्यांनीच म्हणलं ना, असू द्या." आणि असं म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, तेव्हा मला कळलं, की ह्या माणसाला रीत चांगली ठाऊक होती. माजोरी दिसलेलं चालेल, लंगडं दिसायला नको, असं त्यानं उंबऱ्यावर त्या एका क्षणात ठरवलं होतं. मला इतका राग आला आणि इतकी कीव आली, की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डब्यांची झाकणं लावत बसले.

मग सुरू झालं वाट बघणं. तीन दिवस फोन नाही. पाडवा पंधरा दिवसांवर, त्या दिवशी सुपारी फोडायचं बोलणं झालं होतं. मी वर्गात फळ्यावर वजाबाकी चुकवली, पोरांनी दाखवून दिली. हे ऑफिसातून चारदा फोन करून विचारायचे, काही आलं का. सत्यम रोज सकाळी मोनिकाला मोबाइलवर काहीबाही पाठवायचा, तेही बंद. महिनाभर पोरगी गुणगुणत भाकऱ्या थापत होती. आता तव्यावर भाकरी करपली तरी तिला वास येत नव्हता.

चौथ्या दिवशी सांडूचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण ह्यांचा कान फोनलाच लागलेला होता.

"आक्का, काय केलं दाजींनी? म्हातारी लई बिघडली हाय. म्हणती, बूट घालून देवापुढं येणारा माणूस माजुरी असतो, अन् बाप असा तर पोरगी कशी निघंल. सुदर्शनराव गप हायेत, आईपुढं बोलत नायत. म्या काय सांगू त्यांना?"

ह्यांनी फोनकडं बघत सांगितलं, काही सांगू नको, मी बघतो. मोनिका दारात उभी होती. लॅबमधल्या नोकरीवरून नुकतीच आलेली, खांद्याला पर्स तशीच. ती म्हणाली, मी सत्यमला आत्ता फोन करून सांगते. हे म्हणाले, नको. माझा पाय आहे, मी सांगेन. मग ती जे बोलली ते मी विसरणार नाही.

"पप्पा, तुमच्या पायाची मला आजपर्यंत कधी लाज वाटली नाय. बुटाची वाटली."

हे उठून अनवाणीच ओट्यावर गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, माझी सकाळची शाळा. अकराला घरी आले तर हे डावा बूट हातात घेऊन बसलेले. चवड्यापाशी शिवण उसवली होती, तळवा जिभेसारखा लोंबत होता. त्या दिवशी परत निघताना फरशीवर आवाज होऊ नये म्हणून पाय घासत नेला होता, त्याचं हे फळ. पिशवीत बूट घातले, पायात साध्या चपला, आणि आम्ही रिक्षानं गुलमंडीला गेलो. बोळाच्या तोंडापासून कचरूभाऊंपर्यंत जेमतेम पन्नास पावलं. ती हे भिंतीच्या कडेनं चालले आणि मी डावीकडून.

कचरूभाऊंनी बूट उलटा केला, अंगठ्यानं तळवा दाबून पाहिला. पंचवीस वर्षं हा बूट त्यांच्याच हाताखालून गेलाय, कधी चवडा घासला नाही, ह्या वेळी कुठं गेला होता, असं विचारू लागले. आणि आमच्या ह्यांनी, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला काही सांगितलं नाही, त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. उंबरा, फरशी, म्हातारी, पोरगी, सगळं. कचरूभाऊ ऐकत होते आणि आरीनं भोकं पाडून मेणाचा दोरा ओढत होते. नुसतं चिकटवून भागत नव्हतं, जुने टाके काढून नवे घालावे लागत होते. मी तिथं बसून घाबरत होते, की आता हे काय बोलतील.

"बूट दारापर्यंतचा असतो, साहेब," ते दोरा तोडत म्हणाले. "त्याच्या पुढं म्या काय करणार?"

एवढंच. मग शिवणीवर पॉलिश लावून त्यांनी बूट ह्यांच्यापुढं ठेवला. ह्यांनी तो घातला, नाड्या बांधल्या, उभे राहिले. सरळ. चपला पिशवीत टाकल्या.

"बाई, पडेगावला जाऊ," हे म्हणाले. "आत्ताच. घरी गेलो तर मी पुन्हा यायचो नाय."

भर दुपारी, न कळवता, मुलाच्या घरी! वाटेत मी दहा वेळा विचारलं, फोन तरी करू का. नको म्हणाले.

दार सुदर्शनरावांनीच उघडलं. आम्हाला बघून गोंधळले. तोंडातून सवयीनं "असू..." एवढं निघालं आणि ते मध्येच थांबले. हे पायरीवर बसले. आधी उजवा बूट काढला. मग डाव्याच्या नाड्या सोडायला घेतल्या, तर गाठ सुटेना. मी वाकले तर मला हातानंच थांबवलं. शेवटी सुटली. मोजे काढले, बुटांत घातले, बूट नीट जोडून ठेवले. डावा उजव्यापेक्षा उंच. मग चौकटीला धरून उठले.

आणि चालले. प्रत्येक पावलाला डावा खांदा खाली जात होता, पँट डाव्या बाजूनं फरशीवर लोळत होती. मुलाची आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच उभी राहिली. सुदर्शनरावांनी नजर खाली घातली. मला वाटत होतं, धावत जाऊन ह्यांच्या डावीकडं उभं राहावं. नाही गेले. पंधरा पावलं लागली. बाजेपाशी पोचून ह्यांनी आधी देवाला हात जोडले, मग मनकर्णाबाईंना.

"आई, त्या दिशी चुकलं. बूट काढला की मी असा चालतो. पोरीचं मोडंल म्हणून काढला नाय."

म्हातारीनं ह्यांच्या पायाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे सांगायला पाच दिस लागले व्हय?"

"पन्नास वर्सं लागली, आई."

म्हातारीनं हातानं बाजेवर थोडी जागा केली आणि बसा म्हणून खूण केली. हे बसले. मग त्यांची नजर दाराकडं गेली. बाहेर पायरीवर ऊन रणरणत होतं.

"सूनबाई, पाव्हण्यांचे बूट आत आण. उन्हात हायेत. कातडं तडकंल."

सूनबाई घुटमळली. आत म्हणजे कुठं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हातारीनं बाजेखाली बोट दाखवलं. सूनबाईनं दोन्ही हातांनी बूट उचलून आणले आणि देवघरापासून हातभर अंतरावर बाजेखाली ठेवले. मला रडू आलं. मी लपवलंही नाही.

मग पाणी झालं, चहा झाला. त्या घरात पायाविषयी पुन्हा कुणी विचारलं नाही. मनकर्णाबाईंनी मोनिकाला भाकरी येते का ते विचारलं, मी म्हटलं येते, ह्या आठवड्यात करपवतेय. त्यावर सुदर्शनराव पहिल्यांदा हसले. निघताना म्हातारी म्हणाली, सांडूला सांगा, पाडव्याची सुपारी ठरल्याप्रमाणं.

हे उठले. वाकून बाजेखालून बूट काढले.

"हितंच घाला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "असू द्या."

ह्यांनी मान हलवली. दोन्ही बूट एका हातात धरले आणि दाराकडं निघाले, तसेच, खांदा खाली वर करत. मी सवयीनं त्यांच्या डावीकडं सरकले होते. मग थांबले आणि त्यांना पुढं जाऊ दिलं. बाहेर पायरीवर बसून त्यांनी आधी उजवा घातला, मग डावा, आणि नाड्या सावकाश बांधल्या.