सुंदराबाईंनी जपून ठेवलेला कागद

मी एक स्टॅम्पपेपर बोलतोय. कोरा होतो तोवर मला कुणी विचारत नव्हतं. मजकूर छापला, सह्या-अंगठे झाले, नोंदणी झाली आणि मी कुलमुखत्यारपत्र झालो. मग काय, लोक मला दोन्ही हातांनी उचलू लागले!

माझ्यावर सही आहे सुंदराबाईंची. पालिकेच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. कसबा पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नावं विसरायला लागली तशी त्यांनीच भावाच्या मुलीला, शर्मिलाला, बोलावून घेतलं. म्हणाल्या, "वर्ग कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय मी कधी बाहेर पडले नाही. आता घर तुझ्या हवाली करते. हे विकून तुझ्याजवळ तळमजल्यावर घर घे. मला दारात खुर्ची टाकून माणसं बघत बसायचंय."

"मग लगेच बघू या ना, आत्या."

"इतकी काय घाई? अजून सगळं डोक्यात आहे माझ्या. वेळ आली की काढू."

झालं! न उघडलेला डिनर सेट, घडी न मोडलेल्या चादरी आणि मी, असे तिघे कपाटात. चांगली वस्तू वापरायची नाही, ठेवायची, ही माणसांची जुनी खोड. पण मी खुशीत होतो. बाईंचं डोकं चालणार नाही त्या दिवशी मी चालणार होतो ना!

तीन वर्षांनी तो दिवस आला. बाईंनी शर्मिलालाच विचारलं, "आपलं काय काम होतं?" दोनदा त्या जिना उतरून गेल्या आणि घर विसरल्या. तेव्हापासून दाराला बाहेरून कुलूप लागायला लागलं. शर्मिला मला घेऊन अक्षता वकिलांकडे धावली.

त्यांनी मला वाचलं. "आत्यांना व्यवहार कळतो?"

"नाही ना! म्हणून तर हे केलं होतं."

"अहो, म्हणूनच हे चालत नाही. त्यांना कळत होतं तोवर तुम्ही त्यांच्या वतीने सही करू शकत होता. त्यांना कळेनासं झालं, तिथे हे संपलं. आता कोर्टाकडून पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागेल."

मी हादरलो. अहो, छत्री पावसात चालत नाही असं कुणी सांगितलं तर? मी कपाटात पडल्या पडल्या कधी मेलो, हे मलाही कळलं नव्हतं!

संध्याकाळी घरविक्रीचे एजंट संपतराव आले. "मॅडम, कागद खरा, सही खरी. आजींना आत बसवा, कोण विचारतंय?" शर्मिलाने मला टेबलावर त्यांच्यापुढे ठेवलं. ते मला वकिलांच्या बोलण्यापेक्षा भयंकर वाटलं. माझ्यासारख्या मेलेल्याला उभं करून हे बाईंचं घर विकणार होते.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. मला उचलून, ओळीखाली बोट धरून, शेवटपर्यंत वाचलं. सहीवर बोट थांबलं.

"किती वळणदार अक्षर! कुणाचं गं?"

"तुझंच, आत्या."

"छे! माझ्या वर्गातल्या मुलीचं असेल. हुशार दिसते."

शर्मिलाला रडू आवरेना. "संपतराव, या तुम्ही. मी कोर्टात जाईन."

आता मी तिच्या अर्जामागे टाचलेला आहे. तारखा पडतायत. तुमच्याही कपाटात माझा एखादा भाऊबंद झोपला असेल, तर त्याला आजच बाहेर काढा हो. सही करणाऱ्याला सगळं कळतंय तोवरच काम उरकून घ्या. वेळ आल्यावर आम्ही नसतो.

शर्मिलाने खुर्ची आणलीय. तिसऱ्या मजल्यावर, कुलूपबंद दाराच्या आत, बाई चपला घालून त्या खुर्चीवर बसतात आणि विचारतात, "वर्ग कुणाच्या हवाली केलाय?"