फोनच्या पोटातला लाल ठिपका

मी एक जुना ठिपका आहे. तांदळाच्या दाण्याहून लहान, कागदाचा. कारखान्यात मला फोनच्या पोटात चिकटवलं, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. ओल लागली की लाल व्हायचं, एवढंच माझं काम. फोन कशानं बिघडला, हे माझ्या रंगावरून मुळीच कळत नाही. पण मित्रांनो, दुकानात माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य!

माझा फोन अमेरिकेत लुइझियानाच्या किनाऱ्यावर युला ड्यूगास या बाईंकडे गेला. खेकडे उकडतात त्या शेडमध्ये त्या खेकडे सोलायच्या. त्यांची लेक रेनी मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत होती. इस्पितळाचा फोन लगेच उचलला नाही, तर मूत्रपिंड पुढच्या माणसाला मिळणार. म्हणून बाई फोन एप्रनच्या खिशातच ठेवत. तिथल्या वाफेनं मी लाल झालो. फोनला त्याचं काही झालं नाही. सदोष होती ती बॅटरी, थेट कारखान्यापासून. तिच्यामुळे फोन मध्येच बंद पडू लागला.

हमीची मुदत अजून बाकी होती. दुकानातल्या ब्राइसनं फोन उघडला आणि मला पाहून हसला.

"पाण्यात पाडलात, मॅडम."

"नाही रे बाबा! फार तर शेडमधली वाफ लागली असेल."

"बघा, तुम्हीच कबूल केलंत. हमी रद्द."

"अरे, पण बॅटरी तरी बघ. माझ्या लेकीसाठी फोन यायचाय."

"लाल म्हणजे लाल. मागे रांग आहे, मॅडम."

बॅटरी कुणी तपासलीच नाही. उलट रांग खोळंबली म्हणून बाईंनीच सगळ्यांची माफी मागितली. भोळ्या माणसांची मला भारी गंमत वाटते.

इस्पितळानं पुन्हा पुन्हा फोन लावला. आमचा फोन बंद होता. बाई त्याच दुकानात नवा घ्यायला गेल्या, तेव्हा त्या नव्या फोनवर निरोप आला की मूत्रपिंड दुसऱ्याला दिलं. बाई मटकन खाली बसल्या. ब्राइसनं वाकून विचारलं, "मॅडम, नव्या फोनवर जादा हमी घेणार ना? मग काळजी नाही."

रेनीनं तो हिवाळा काढला नाही. मी आता बाईंच्या स्वयंपाकघरातल्या खणात पडून आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला बाई सांगतात, "फोन वाफेत मीच नेला ना!" त्यांना खरं कोण सांगणार? मला बाईंशी बोलता येत असतं, तरी मी सांगितलं नसतं.

तेव्हा मित्रांनो, कुणी माझ्याकडे बोट दाखवलं तर लाजू नका. "बिघाड तपासा, नाही म्हणायचं तर कारण लेखी द्या," असं म्हणा आणि जागचे हलू नका. रांग थांबते. मूत्रपिंड थांबत नाही.