दुसऱ्याच्या नावावरचं यंत्र

“काका, हे चित्र नीट बघा,” म्हणत भूमिकाने संगणकाचा पडदा जीवरामकडे वळवला.

जीवरामने चष्मा पुसून पुन्हा लावला. दोन रूळ, मध्ये स्प्रिंग, खाली पायपट्टी. पाय उचलला की रूळ उलटे फिरून अडकलेला हात सोडणार. यावलच्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात त्याने बनवलेलं यंत्रच कुणीतरी कागदावर काढून ठेवलं होतं.

केळीच्या खोडातून धागा काढताना त्याच्या बायकोची, धुरपदाबाईची, दोन बोटं रुळात गेली होती. त्यानंतर वर्षभर खपून त्याने ही पायपट्टी जमवली. आता मुलाला, कुंदनला, ते यंत्र बाजारात आणायचं होतं. त्याआधी त्यावर कुणाचा हक्क तर नाही ना, हे तपासायला दोघे जळगावला पेटंटचं काम करणाऱ्या वकील भूमिकाकडे आले होते.

“माझ्या डोक्यातून निघालंय हे,” जीवराम हळू आवाजात म्हणाला. “मी कोनाचं पाह्यलं नाही.”

“माझा विश्वास आहे, काका. पण यांचा अर्ज तुमच्या यंत्राच्या तीन वर्षं आधीचा आहे. हेमराज नावाचे गृहस्थ, नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. मी चौकशी केली. दोन वर्षांपूर्वी वारले. हक्क आता पत्नीकडे जातो.” ती जरा थांबली. “यंदाची फी भरलेली नाही. महिन्याभरात भरली नाही, तर पेटंट बंद पडेल. मग तुम्हाला अडवणारं कुणी नाही.”

परतीच्या बसमध्ये कुंदनचा चेहरा खुलला होता. “एक महिना थांबू, आबा.”

“तिले माहीतच नसलं तर?”

“ते तिनं पाहावं ना. आपण काय चोरी करतोय का?”

चोरी नव्हतीच. नुसतं गप्प बसायचं होतं. पण घरी धुरपदाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि उरलेल्या तीन बोटांनी तांदूळ निवडत विचारलं, “तिच्या घरी कोनी गेलं व्हतं का सांगाले?”

रविवारी जीवराम दोन बसगाड्या बदलून नरडाण्याला गेला.

हेमराजची बायको सुलक्षणा पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होती. दारात आलेल्या अनोळखी माणसाला तिने आधी पाणी दिलं. जीवरामने सगळं सांगितलं. आपलं यंत्र, तिच्या नवऱ्याचा हक्क, भरायची राहिलेली फी. महिनाभर थांबलो असतो तर फुकटात सुटलो असतो, हेही लपवलं नाही.

“त्यासना बठ्ठा कागद पेटीमा शेतस,” ती खाटेखालच्या पेटीकडे बोट दाखवत म्हणाली. “माले काय समजस नही, भाऊ. कारखानावाला हासनात त्यासले. मंग कोनीच बनाडं नही.”

गेले तीन दिवस आपलं काहीतरी हिरावलं गेलं, असं जीवरामला वाटत होतं. या माणसाला तर आपलं यंत्र फिरताना बघायलाही मिळालं नव्हतं.

“फी भरा, वहिनी. हक्क तुमच्याकडेच राहू द्या,” तो म्हणाला. “तुमी परवानगी दिली, तरच मी बनवीन. काय द्यायचं ते वकीलबाईंसमोर कागदावर लिहू.”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“ते फिरस का खरंच?”

त्याने मोबाईल काढला. पडद्यावर धुरपदाबाई यंत्रासमोर बसली होती. रूळ घरघरत होते, केळीच्या खोडाच्या सोपटातून पांढरा धागा सुटत होता. तिने पाय उचलला. रूळ थबकले आणि उलटे फिरले. हात मोकळा.

सुलक्षणा मोबाईलवर वाकली. “परत दाखाडा.”

त्याने परत दाखवलं. मग आणखी एकदा.

“जेवताना बी त्या असाच पाय हालाडेत,” ती नवऱ्याची आठवण काढत म्हणाली. “दाबेत, उचलेत. मी चिडू त्यासवर.”

जीवरामने मोबाईल तिच्या हातात दिला. ती खाटेवर बसली, आणि चित्रातल्या बाईबरोबर तिचा अनवाणी पाय जमिनीवर दाबला जात होता, उचलला जात होता.