शपथ होईपर्यंत

कार्ड ७. झेंड्यावर तारे किती?

पन्नास.

कांचन कार्ड उलटं करते, मागचं उत्तर बघते आणि ढिगाच्या तळाशी सारते. शंभर कार्डं आहेत, तिच्याच हातची. मे महिन्यात ती याच कार्डांवर पास झाली आणि अमेरिकेची नागरिक झाली. कडांना हळदीची बोटं लागली आहेत, कारण फोडणी करता करता तिने ती पाठ केली होती. माझी फाइल कुठल्याशा सरकारी चौकशीत अडकली, म्हणून माझा इंटरव्ह्यू आता, ऑगस्टच्या पाच तारखेला. पास झालो तर सप्टेंबरमध्ये शपथ. शपथ झाली तर ऑक्टोबरच्या आत मतदार यादीत नाव. मग नोव्हेंबर २००८.

मला ते एक मत हवं आहे. पासपोर्ट वगैरे राहू दे. त्याच्या पक्षाच्या विरोधात एक मत, बस.

कार्ड ३१. सध्याचे राष्ट्राध्यक्ष कोण?

मी ढिगाकडे बोट केलं.

"यतीन."

"पुढचं घे."

"अरे, हे विचारतातच. मला विचारलं होतं."

"उत्तर माहीत आहे मला."

"माहीत असून काय उपयोग? तोंडाने म्हणायला लागतं."

पाच वर्षं मी हे नाव तोंडाने घेतलेलं नाही. तो वैमानिकाचे कपडे घालून युद्धनौकेवर उतरला आणि इराकची लढाई संपली म्हणाला, त्या दिवसापासून. आमच्या घरात नुसतं 'तो' म्हटलं की कळतं. तो पडद्यावर येऊन खांदे हलवत हसला की माझ्या तोंडातला घास फिरतो. बुडालेल्या न्यू ऑर्लिन्सकडे त्याने विमानाच्या खिडकीतून खाली पाहिलं, तो फोटो आला त्या दिवशी मी पेपर घडी न घालता कचऱ्यात टाकला आणि हात धुतले. साबणाने. कांचन बघत होती.

"नवऱ्याचं नाव घेताना मी नाही एवढी लाजले," ती म्हणाली. "उखाण्यात घे. टेक्सासच्या उन्हात वितळलं डांबर, टिंबटिंबरावांचं नाव घेतो, पुढचा द्या नंबर."

सोफ्यावरून अनया ओरडली, "ओ माय गॉड, डॅड. जस्ट से इट!"

तिला आता अकरावीचं वर्ष लागेल. इतिहासाच्या बाईंनी सुट्टीतला अभ्यास दिला आहे: तुमच्या हयातीतला एखादा अस्सल पुरावा घरातून शोधा. पत्र, फोटो, कागद, काहीही. तो शाळेत आणा आणि पन्नास वर्षांनंतरचा इतिहासकार त्यातून काय वाचेल ते लिहा.

"आपल्याकडे काही आहे का, डॅड?"

"नाही," मी म्हणालो.

(हे उत्तर लक्षात ठेवा. पुन्हा येणार आहे.)

कार्ड ५८. राष्ट्राध्यक्षाला सल्ला कोण देतं?

मंत्रिमंडळ. आणि टेक्सासातल्या आमच्या शुगर लँड गावात जगन्नाथकाका.

काका हार्टचे डॉक्टर, आता रिटायर्ड. ७१ साली नागपूरहून आले. त्यांच्या हॉलमध्ये गणपतीच्या शेजारी एक फोटो आहे: २००४ च्या कुठल्याशा डिनरला काका आणि तो. त्याचा हात काकांच्या खांद्यावर, दोघांचे दात दिसतात. पूर्वी पाहुणा आला की काका त्याला आधी फोटोपाशी न्यायचे. हल्ली नेत नाहीत, पण फोटो काढलेलाही नाही.

शनिवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. पुरणपोळी, बाहेर एकशे दोन डिग्री.

"काका, आता तरी तो खाली उतरवा," मी म्हणालो. "त्याचेच लोक आता त्याच्या शेजारी उभे राहत नाहीत."

"का उतरवू? लोकांचं काय, यार, लोक आज शिव्या देतात, उद्या पुतळे उभारतात. वीस-तीस वर्षं जाऊ दे. इतिहास शांतपणे बघतो."

"कुठून बघतो? प्रेतांवर उभा राहून?"

"यतीन, जेव," कांचन.

"बोलू दे त्याला," काका तुपाची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाले. "हा तेलाच्या धंद्यातला इंजिनियर. पोहण्याचा तलाव कुणाच्या राज्यात खणला रे तू घरामागे? मी निदान फोटो भिंतीवर लावलाय, बाबा. तू काय केलंस?"

सगळे हसले. मीसुद्धा. तूप ओतून घेतलं.

मग काका अनयाला म्हणाले, "तुला शाळेसाठी पुरावा हवाय ना? ने हा फोटो. फ्रेमसकट ने."

"रिअली, आजोबा? थँक यू!"

"नाही नेणार ती," मी म्हणालो. अनयाने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, मग दुसरं काय नेऊ? माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे, गॅरेजमध्ये होतं.

कार्ड ८४. युद्ध पुकारण्याचा अधिकार कोणाला?

काँग्रेसला. म्हणजे इथल्या संसदेला.

हे मी चटकन सांगतो. कांचन म्हणते, गुड.

हे कार्डाच्या मागे लिहिलेलं नाही:

जानेवारी २००३. आमच्या कंपनीत एक काम आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सहा जणांना एका खोलीत बसवलं, कागदांवर सह्या घेतल्या, बाहेर बोलायचं नाही म्हणून सांगितलं. दक्षिण इराकमधलं एक तेलाचं पंपिंग स्टेशन. तिथले पाइप, व्हॉल्व्ह, टाक्या पुन्हा बसवायला काय काय लागेल ते काढायचं. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत कामाचं नाव होतं: 'दुरुस्ती, कारवाईनंतर'. खाली तारीख, १७ जानेवारी. त्याखाली काढणाऱ्याची आद्याक्षरं. माझी.

त्याच आठवड्यात तो टीव्हीवर सांगत होता, अजून काहीच ठरलेलं नाही. मी सोफ्यावर बसून ऐकत होतो. शेजारी कांचन. अनया अकरा वर्षांची, जमिनीवर पझल लावत होती. युद्धाला दोन महिने होते. मोडलेलं काय काय बदलावं लागेल ते मी मोजून आलो होतो, आणि अजून काहीच मोडलं नव्हतं.

मी बोललो नाही. कांचनशीसुद्धा नाही. आमचं ग्रीन कार्ड कंपनीमार्फत चाललं होतं. कार्ड हातात येऊ दे, मग बघू, असं ठरवलं. एप्रिलमध्ये ते आलं. मी बघितलं नाही. त्याऐवजी त्याचं नाव घेणं सोडलं. नाव न घ्यायला काही मोजावं लागत नव्हतं.

नकाशाची एक प्रत मी घरी आणली होती. का, ते माहीत नाही. गॅरेजमध्ये, गणपतीच्या थर्माकोलच्या मखरामागे, गुंडाळी करून ठेवली आहे.

कार्ड नाही.

इंटरव्ह्यू घेणारी बाई पन्नाशीची, चष्मा साखळीला, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांचं भांडं. मागे भिंतीवर सरकारी फ्रेममध्ये तो. खांदे हलत नव्हते, तेवढंच.

तारे विचारले. पट्टे विचारले. युद्ध पुकारण्याचा अधिकार विचारला. मग चष्म्यावरून पाहत म्हणाली, "सध्याचे राष्ट्राध्यक्ष?"

मला वाटलं होतं, जमणार नाही. काही झालं नाही. पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, स्पष्ट. लिंबू सरबत मागावं तसं.

ती हसली. "या प्रश्नाला लोक कशी तोंडं करतात, सांगून पटायचं नाही तुम्हाला. परवा एक आजीबाई म्हणाल्या, पास, पुढचा विचार."

मीही हसलो. मग तिने माझा अर्ज पुढे ओढला आणि त्यातले प्रश्न ओळीने वाचायला लागली. त्यांची कार्डं कांचनने केली नव्हती, कारण त्यांची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

दारूचं व्यसन? नाही. एकाहून जास्त लग्नं? नाही. कोणाचा छळ केलात, किंवा छळात मदत? नाही.

"ज्याबद्दल अटक झाली नाही, असा एखादा गुन्हा तुमच्या हातून कधी घडला आहे का?"

ती वर बघतही नव्हती. पेन पुढच्या रकान्यावर गेलं होतं.

कायद्याने बघितलं तर मी काही केलं नव्हतं. पाइप मोजले होते.

"नाही," मी म्हणालो.

त्याच्या नावापेक्षा हा शब्द उच्चारायला जड गेला. मी भांड्यातली एक गोळी घेतली.

"अभिनंदन," बाई म्हणाली. "अकरा सप्टेंबरच्या आठवड्यात शपथ. तोपर्यंत काही भानगड करू नका."

कार्ड ३१, पुन्हा.

"घेतलंस?" कांचनने दारातच विचारलं.

"घेतलं."

"उखाण्यात?"

"सरळ."

तिने साखर हातावर ठेवली. ती मी तोंडात टाकली आणि गॅरेजमध्ये गेलो. मखर बाजूला केलं, गुंडाळी काढली, झटकली. जेवणाच्या टेबलावर अनयापुढे ठेवली.

"व्हॉट इज धिस?"

"तुझा पुरावा."

तिने कागद पसरला. चार कोपऱ्यांवर मीठ, लोणचं, रिमोट आणि तिचा फोन ठेवला. बराच वेळ ती रेषांवरून बोट फिरवत होती. मग बोट कोपऱ्यातल्या चौकटीवर थांबलं.

"इराक? पण डॅड, वॉर तर मार्चमध्ये झालं."

"हो."

"धिस सेज जॅन्युअरी."

"हो."

"आफ्टर ॲक्शन." तिने आद्याक्षरं वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सो यू न्यू."

कांचन स्वयंपाकघरातून आली होती. तिने चौकट वाचली. हळदीचा हात तिने पदर नसलेल्या कुर्त्याला पुसला.

"मी हा नेऊ?" अनयाने विचारलं. चक्क मराठीत.

न्यावा म्हणूनच मी तो काढला होता. शपथेवर सांगतो, त्यासाठीच काढला होता.

"ने," मी म्हणालो. "पण शपथ होईपर्यंत थांब. कागद गुप्त आहे, बाहेर बोलणार नाही म्हणून माझी सही आहे. शाळेतून कुठे जाईल सांगता येत नाही. सप्टेंबरनंतर ने."

"इट्स ड्यू ऑगस्ट ट्वेंटी-फिफ्थ."

"बाईंना सांग ना, थोडा वेळ हवाय."

तिने आधी लोणचं उचललं. मग मीठ, रिमोट, फोन. कागद आपोआप गुंडाळला गेला. तिने त्याला स्वतःच्या केसांचा रबर लावला आणि तो माझ्या हातात दिला. गॅरेजमध्ये परत ठेवायला द्यावा तसा, दोन्ही हातांनी.

"दॅट्स ओके," ती म्हणाली.

पंचवीस ऑगस्टला सकाळी आम्ही जगन्नाथकाकांच्या घरासमोर थांबलो. काकांनी फ्रेम जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवली होती, काचेला ओरखडा नको म्हणून. अनयाने ती मांडीवर घेतली. मी तिला फाटकाशी सोडलं. साडी सरकली होती, आणि काखेत धरलेल्या फ्रेममधून तो हसत आत गेला.