मायनं घातलेलं कव्हर

"वापस केलं म्हनतेस, मंग पुस्तक गेलं कुठं? पाय फुटले का त्याले?"

देवाजींनी रजिस्टर करिष्मापुढं सरकवलं. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीतलं हे वाचनालय. जयंतीला हार नको, पुस्तकं आणा, असं सांगून सांगून प्लांटमधून रिटायर झालेल्या या माणसानं ते उभं केलं होतं. नियम एकच. पहिलं पुस्तक आल्याशिवाय दुसरं मिळत नाही.

"काका, बुधवारी मी टेबलावरच ठेवलं. तुम्ही फोनवर बोलून राहिले होते. आठ दिवसांवर माही आयटीआयची परीक्षा हाय, दुसरं पुस्तक पाहिजे."

"शेवटचं नाव तुहंच हाय, बेटा."

दारात उभा असलेला अमरदीप भडकला. "तिले कावून धरून राहिले? झूठ बोलून राहिली का ते?"

"मंग तूच सांग, कोनी नेलं?"

अमरदीपची नजर वरच्या पंख्याकडं गेली. बुधवारी इथला पंखा दुरुस्त करायला तोच आला होता. मोटर वाइंडिंगच्या चित्रांचं ते पुस्तक टेबलावर दिसलं आणि त्यानं शर्टात खुपसलं. रजिस्टरात नाव लिहिलं नाही. दहावी सोडताना 'किताब पढून कोनाचं भलं झालं?' असं मोहल्लाभर छाती ठोकून सांगितलं होतं. आता सही कोणत्या तोंडानं करायची?

बाहेर करिष्मा सायकलचं कुलूप काढत होती.

"एक तूच माहं खरं मानलं रे," ती अमरदीपला म्हणाली.

तो चपला पायात सरकवून पायरी उतरला. मग तडक घरी आला.

पंचफुला, त्याची माय, उंबऱ्यात बसली होती. मांडीवर तेच पुस्तक. झाडताना खाटेखाली सापडलं, तर तिनं जुन्या कॅलेंडरचा कागद काढून त्याला कव्हर घातलं होतं. वर, एकेक अक्षर जुळवत लिहिलेलं : अमरदीप बळीराम मेश्राम.

"फिरून शिकून राहिला, अन् मायले सांगतलं नाही? मी शेजारच्या सुनिताबाईले सांगून आली."

त्यानं पुस्तक ओढूनच घेतलं. नखानं कव्हरची कड उचकटली. भाताच्या शितांची खळ अजून ओली होती, एका झटक्यात निघालं असतं. माय बघत होती. त्यानं अंगठ्यानं कड दाबून पुन्हा चिकटवली.

"कुठं नेतं?"

"विहारात. हे जमा झालं तरच करिष्माले दुसरं भेटन."

"मंग तुहं कोनतं?"

"जाऊ दे मले आता, माय. देवाजी कुलूप लावतीन."