बारीक अक्षरात लिही

ब्युटी कोर्सच्या प्रॅक्टिकलसाठी मॉडेल हवी होती, मैत्रिणींनी ऐन वेळी टांग दिली, म्हणून भिंगरीने आत्याला आणलं. माशी शिंकली ती तिथेच. आत्याचा चेहरा म्हणजे नुसता तुकतुकीत. रहस्य विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, साधं पाणी!"

आजची परीक्षा वॅक्सिंगची, वरच्या ओठावर. पास झाली तर सोमवारपासून कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये नोकरी पक्की. नापास झाली तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि पार्लरवाली काही तिच्यासाठी खुर्ची अडवून बसणार नव्हती.

नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले, हात कोपरापर्यंत धुतलेले. परीक्षक बाई शेजारी वही घेऊन बसल्या. भिंगरीने क्लायंटचा फॉर्म उघडला.

"आपलं वय?"

"आपलं? अगं, तुझा शेंबूड पुसलाय मी!"

"विचारावं लागतं."

"मग लिही अडतीस."

भिंगरीचे बाबा आत्याचे धाकटे भाऊ, आणि त्यांनाच पंचेचाळीसावं लागलेलं. पण खोट्या वयाने कुणाची कातडी सोलवटत नाही. तिने मुकाट्याने अडतीस लिहिलं.

"कशाची ॲलर्जी?"

"तुझ्या काकांच्या घोरण्याची."

"चेहऱ्याला डॉक्टरांनी दिलेलं काही मलम?"

"छे! साधं पाणी."

भिंगरीचं पेन थबकलं. गेल्या रविवारी आत्याकडे टूथपेस्ट शोधताना आरशामागे एक पिळून चपटी झालेली ट्यूब सापडली होती. वर कातडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, 'रोज रात्री'. असल्या मलमाने वरची कातडी नाजूक होते, आणि मेण ओढलं की केसाबरोबर तीही येते. वर्गात त्याचे फोटो दाखवले, त्या दिवशी दोघी मुलींनी डबाच उघडला नव्हता.

"आत्या, नीट आठवून बघ ना."

"बघा म्हण. परीक्षा आहे ना तुझी?"

"आठवून बघा."

"बघितलं. नाही."

आता काय करायचं? बाईंसमोर ट्यूबचं नाव काढलं तर आत्याची शोभा, शिवाय क्लायंटचं गुपित चारचौघांत बोलायचं नाही हा पहिला धडा. गप्प बसलं तर दोन मिनिटांचं काम, की पास! एवढीशी तर जागा, काय होणार आहे, असं क्षणभर वाटलंही. पण आत्या हनुवटी वर करून, डोळे मिटून अशी निर्धास्त पडली होती की भिंगरीने सरळ बाईंच्या आणि खुर्चीच्या मधला पडदा ओढला.

"आरशामागची ट्यूब," ती कुजबुजली.

आत्याने एक डोळा उघडला. "कुणाची?"

"तुमची. नाव आहे त्यावर. वयसुद्धा आहे."

"चोंबडी कुठली!"

"कातडी निघेल हो. आठ दिवस खपलीची मिशी मिरवाल. मग काय सांगाल, साधं पाणी लावलं?"

आत्याने बोटाने वरचा ओठ चाचपला. "लिही. पण बारीक अक्षरात लिही."

पडदा सरकवून भिंगरी म्हणाली, "बाई, यांच्या चेहऱ्यावर मी वॅक्स करणार नाही. कारण फॉर्ममध्ये आहे." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

बाईंनी वाचलं, आत्याकडे पाहिलं आणि फॉर्म पालथा ठेवला. "बरोबर केलंस. पण काम बघितल्याशिवाय गुण कसे देऊ? अर्धा तास उरलाय. हात चालेल, पाय चालेल, कुणाचाही चालेल."

आत्याचे हातपाय परवाच सरावासाठी करून झाले होते, औषधालाही केस नव्हता. भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात आत्या खुर्चीवरून उतरली, तरातरा जिना उतरून गेली आणि खाली स्कूटरवर पेपर वाचणाऱ्या काकांना घेऊन आली.

"नुसतं बसायचंय म्हणाली ही," काका म्हणाले. मग त्यांना मेणाचं भांडं दिसलं.

पुन्हा हात धुतले, नवे हातमोजे, नवी चादर, नवा फॉर्म.

"शुगर?"

"नाही."

"बीपी?"

"आत्तापर्यंत नव्हतं."

मेण किती गरम ते भिंगरीने आधी स्वतःच्या मनगटावर पाहिलं, मग काकांच्या हातावर बोटभर जागेत. घड्याळ लावून थांबली. लाली नाही, आग नाही. मग पसरलं. दर खेपेला नवी काडी, वापरलेली थेट कचऱ्यात, परत भांड्यात नाही. कातडी ताणून धरली, पट्टी दाबली आणि सर्रकन ओढली.

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बाईंचं पेन खाली पडलं.

"मिशी हिची काढायची होती ना? मग हात माझा का?"

"गप्प बसा हो, पोरीची परीक्षा आहे!" आत्याने त्यांचा दुसरा हात गच्च धरून ठेवला. प्रेमाने की पळू नयेत म्हणून, कोण जाणे.

शेवटी बाईंनी हातावरून बोट फिरवलं. केस नाही, मेणाचा कण नाही, ओरखडा नाही. त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिलं आणि सही ठोकली. भिंगरीने मारलेली उडी खालच्या मजल्यावर ऐकू गेली असणार.

काका मात्र दोन्ही हात शेजारी शेजारी धरून उभे. "हा गुळगुळीत, हे जंगल! असा ऑफिसात जाऊ मी?"

"सोमवारी पार्लरमध्ये या," भिंगरी मोजे काढत म्हणाली. "पण आधी वेळ घ्या हं, गर्दी असेल."