यशराजचा लाल घोडेस्वार

मित्रांनो, मी अंगठ्याएवढा, रंग उडालेला एक जुना घोडेस्वार आहे. टेबलावर छोटे डोंगर, पूल, घरे मांडायची, आमच्यासारख्यांची दोन सैन्ये समोरासमोर उभी करायची आणि फासे टाकत लढाई खेळायची. त्या खेळातला मी.

लासुर्ण्यात इंद्रजितच्या घरी माझा जन्म झाला. प्लास्टिकच्या राखाडी चौकटीतून त्याने माझे तुकडे कातरून काढले आणि चिकटवले. रंग मात्र त्याचा मित्र यशराज याने दिला. लाल अंगरखा झकास जमला, पण एक डोळा दुसऱ्याहून मोठा झाला.

"ह्यो तर दचकलेलाच हाय," इंद्रजित हसला.

"असू दे. जागा ऱ्हाऊन लढंल," यशराज म्हणाला.

त्या दिवसापासून लाल सैन्य यशराजचे आणि निळे इंद्रजितचे झाले.

दर रविवारी लढाई व्हायची. वर्षातून एकदा बारामतीत एका छोट्या सभागृहात या खेळाचा मेळावा भरतो. तिथे दोघे एकाच मोटारसायकलवरून जात. एका वर्षी मी एकट्याने पूल राखला. यशराजने मला तळहातावर घेऊन सगळ्या टेबलांवरून मिरवले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस.

पुढे यशराज नोकरीसाठी पुण्याला गेला. "लाल सैन्याचा डबा तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. सुट्टीला आलो की खेळू," म्हणाला. सुट्ट्या आल्या आणि गेल्या. डब्यात शेजारचा भालाईत अंगाला टेकलेला असे, तरी मला एकटे वाटे.

यंदा मेळाव्याआधी इंद्रजितने फोन केला. यशराज येतो म्हणाला. सकाळी इंद्रजितने दोन्ही सैन्ये मांडली आणि मला मुद्दाम पुलाजवळ उभे केले. इतर टेबलांवर फासे खडखडू लागले. मेळावा भरवणाऱ्या इंदापूरच्या संजीवनीताई जवळ आल्या.

"इंद्रजित, दुसरा जोडीदार देऊ का?"

"नगं ताई. निघालाय त्यो."

दुपार टळली, तरी इंद्रजित यशराजसाठी जेवायचा थांबला होता. मग टेबलावरचा फोन वाजला. इंद्रजितने घाईने स्पीकर लावला.

"सॉरी रे, आज नाही जमत. आणि ती माझी माणसं आता कुणालाही देऊन टाक."

आवाज यशराजचा होता, बोलणे पुण्याचे झाले होते.

"बरं," इंद्रजित म्हणाला.

थोड्या वेळाने तो उठला. आमच्या बाजूला येऊन आमच्यासाठी फासा टाकला, मग पलीकडे जाऊन स्वतःसाठी टाकला. असे दोन-तीनदा झाले. संजीवनीताईंना ते बघवेना. त्या समोर येऊन बसल्या.

"लाल माझं," म्हणाल्या, आणि त्यांनी मला डोक्याला धरून उचलले.

"ताई, तळाला धरा. रंग जाईल त्याचा," इंद्रजित पटकन म्हणाला. दिवसभरात तो एवढ्या काळजीने पहिल्यांदाच बोलला होता.

संध्याकाळी लाल सैन्य जिंकले. कुणी ओरडले नाही. निघताना इंद्रजितने आमचा डबा ताईंच्या हातात ठेवला.

"न्या. तुमच्याकडं खेळ तरी व्हईल ह्यांचा."

मग तो एकटाच लासुर्ण्याकडे निघाला.

आता मी इंदापुरात ताईंच्या काचेच्या कपाटात असतो. त्या धूळ पुसतात, अधूनमधून खेळायलाही काढतात. तरी दारात मोटारसायकल थांबली की माझे लक्ष तिकडे जाते.

मित्रांनो, माझा भाला मोडला तर तो चिकटवता येतो. तुम्ही आपल्या माणसांना जपा. येतो म्हणालात तर जा. जमणार नसेल तर सकाळीच सांगा. समोरचा जेवायचा थांबलेला असतो.